काच आधी, पण कोणत्या हिशोबाने?

‘पैसे बॉडीत घालू नका, काचेत घाला.’ किट लेन्ससह कॅमेरा घेऊन वर्ष-दोन वर्षे झाली, फोटो मनासारखे येईनासे झाले आणि हाताशी थोडी रक्कम जमली, की हे वाक्य कानावर पडतेच. मुंबईच्या बोरा बाजारातला दुकानदार ते सांगतो, लग्नाची कामे करून केस पिकलेला छायाचित्रकार सांगतो, कॅमेरा क्लबातले ज्येष्ठ सांगतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि बहुतेक वेळा त्यांचा निष्कर्षही बरोबर निघतो. माझे भांडण आहे ते त्यासाठी दिल्या जाणाऱ्या कारणांशी. लेन्स आयुष्यभर टिकते, लेन्सची किंमत उतरत नाही, चांगल्या लेन्सने फोटो ‘शार्प’ येतो, अशी ती कारणे. यातले पहिले अर्धवट खरे आहे, दुसरे गेल्या काही वर्षांत खोटे ठरले आहे आणि तिसऱ्याचा बहुतेकांच्या खऱ्या अडचणीशी संबंधच नाही. कारणे चुकली की बरोबर सल्लासुद्धा भलत्या माणसाला दिला जातो. ज्याच्यासाठी पन्नास हजार रुपये म्हणजे लग्नसराईच्या एका अख्ख्या हंगामाची बचत असते, त्याला ही चूक परवडत नाही.

हा सल्ला फिल्मच्या काळातला आहे आणि त्या काळात तो निखालस खरा होता. फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीत असायचे काय? प्रकाश आत शिरू न देणारी पेटी, ठरलेला वेळ उघडझाप करणारे शटर, फिल्म पुढे सरकवणारी चक्रे आणि बघायची खिडकी. प्रतिमा ज्याच्यावर उमटते तो पृष्ठभाग बॉडीचा भाग नव्हताच. तो रोलच्या रूपाने दुकानातून यायचा. १९५९ साली आलेल्या निकॉन एफमध्ये कोणी १९९० च्या दशकातला ताजा रोल भरला, तर त्या जुन्या पेटीतूनही त्या दशकाच्या दर्जाचा फोटो निघत असे. म्हणजे नव्या बॉडीचा चित्राच्या दर्जाशी फारसा संबंध नव्हता. चित्र ठरवणाऱ्या गोष्टी दोनच, फिल्म आणि लेन्स. फिल्म सगळ्यांना सारखीच मिळायची. मग उरली लेन्स.

डिजिटल आल्यावर ही मांडणी मुळातूनच मोडली. फिल्मची जागा सेन्सरने घेतली आणि सेन्सर बॉडीत कायमचा बसला. १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये २.७ मेगापिक्सेल होते, २००३ च्या कॅनन ३००डीमध्ये ६, तर २०१२ च्या निकॉन डी८०० मध्ये ३६. आकडे बाजूला ठेवले तरी अंधारातले काम त्याहून झपाट्याने सुधारत होते. २००७ मध्ये निकॉन डी३ आला तेव्हा वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना आयएसओ ६४०० वर छापण्याजोगा फोटो मिळू लागला. त्या दहा-बारा वर्षांत नवी बॉडी घेणे म्हणजे कायमची नवी फिल्म विकत घेणे होते. तेव्हा ‘बॉडीत पैसे घालू नका’ हा सल्ला साफ चुकीचा होता, पण वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो तसाच राहिला.

आज तो पुन्हा बराचसा खरा झाला आहे आणि त्याचे कारण फिल्मच्या काळातल्या कारणाहून वेगळे आहे. सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशकणांपैकी किती मोजले जातात, यावर अंधारातल्या फोटोचा दर्जा ठरतो. रंगगाळणीने अडवलेला प्रकाश वगळला, तर आजचे चांगले सेन्सर उरलेल्या प्रकाशकणांपैकी निम्म्याहून अधिक पकडतात. शंभरातले शंभर पकडणारा सेन्सर उद्या कोणी बनवला, तरी सुधारणा दुपटीपेक्षा कमीच राहील. ही निसर्गाची मर्यादा आहे, ती ओलांडणे कोणत्याही कंपनीच्या हातात नाही. म्हणूनच दहा वर्षांपूर्वीची २४ मेगापिक्सेलची बॉडी आणि त्याच आकाराच्या सेन्सरची यंदाची बॉडी यांच्या स्थिर विषयाच्या फोटोंत डोळ्यांत भरणारा फरक दिसत नाही. आणि उरलेला आवाज, म्हणजे अंधाऱ्या फोटोतला तो रवाळपणा, काढून टाकणारी संगणकीय साधने गेल्या काही वर्षांत इतकी सुधारली आहेत, की जुन्या बॉडीने काढलेल्या रॉ फाइलचाही त्यांनी कायापालट होतो.

लेन्सच्या बाजूचा हिशोब यापुढे ठेवून पाहा. १८-५५ ची किट लेन्स ५५ मिलिमीटरवर नेली की तिचे ॲपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी, सर्वांत स्वस्त प्राइम लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. प्रकाश या आकड्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ही छोटी लेन्स किट लेन्सच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. बॉडी बदलून हे साधायचे म्हटले तर? एपीएस-सी सेन्सर सोडून फुल फ्रेमवर जावे लागेल. ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या त्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २.३ पट असते, म्हणून त्याच ॲपर्चरला एकूण प्रकाशही तेवढाच पट अधिक मिळतो. त्यात जुनी किट लेन्स फुल फ्रेमची पूर्ण चौकट भरत नाही, म्हणजे बॉडीबरोबर लेन्सही नवी घ्यावी लागते. एकीकडे साडेनऊ पट, दुसरीकडे सव्वादोन-अडीच पट, आणि किमतीतला फरक याच्या बरोबर उलट दिशेचा.

काचेला पहिला मान द्यायचा तो या हिशोबासाठी. ‘शार्पनेस’चा मुद्दा मी मुद्दामच बाजूला ठेवतो. आजची किट लेन्स एफ/८ वर, तिपाईवर, भर उन्हात पुरेशी धारदार असते. २४ मेगापिक्सेलच्या ६००० गुणिले ४००० बिंदूंतून ३०० डीपीआयने २० इंच रुंदीची छपाई होते. लग्नाच्या १२ बाय ३६ च्या अल्बमचे एक पान त्यात सहज बसते, आणि बहुतेक फोटो तर मोबाइलच्या पडद्यापलीकडे जातच नाहीत. काचेच्या धारेवर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की धार कमी पडल्यामुळे तुमचा कोणता फोटो वाया गेला?

सिंधुदुर्गात आणि पेडण्याच्या बाजूला जत्रेच्या रात्री होणारा दशावतार घ्या. देवळासमोर साधा रंगमंच, एक बाक, मागे पडदा, कडेला पायपेटी आणि मृदंग. वर चार-दोन ट्यूब आणि एखादा हॅलोजन. काळ्या वेशातला संकासुर, मग पुढे पौराणिक आख्यान, आणि युद्धाच्या प्रवेशात तलवारींची खणाखणी. फ्लॅश मारला तर नटाचे भान सुटते, प्रेक्षक चिडतात आणि मंचावरचा तो पिवळसर उजेड मरून जातो. किट लेन्सवर इथे आयएसओ ६४०० ठेवूनही शटर १/६० सेकंदाच्या वर जात नाही, असे समजा. तेवढ्या वेळात तलवार म्हणजे नुसता पांढरा फराटा आणि चेहरा पुसट. तीच बॉडी, पण लेन्स एफ/१.८ ची, तर शटर १/२५० वर नेऊनही आयएसओ २६०० च्या आसपास उतरतो. नट थिजतो, रंगभूषेच्या रेषा दिसतात, मागचा पडदा मऊ होतो. हा फोटो आधी निघतच नव्हता, आता निघतो. मला लेन्सचे मोल यात वाटते: तिने जुन्याच फोटोचा दर्जा चार-दोन टक्क्यांनी वाढवला की नाही हे गौण आहे, अशक्य फोटो शक्य केला की नाही हे महत्त्वाचे.

पण दशावतारच एक अडचणही दाखवतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून साध्या चोकवाली ट्यूब आणि पुष्कळ स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/१०० वर असेपर्यंत प्रत्येक फोटोत एक पूर्ण लहर सामावते. १/५०० वर गेलात की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यात अर्ध्या चौकटीचा रंग वेगळा. मोठ्या ॲपर्चरने कमावलेला वेग इथे असा हातचा जातो. लहर शिखरावर असतानाच शटर उघडण्याची सोय कॅननने २०१४ मध्ये ७डी मार्क २ मध्ये आणली आणि पुढे ती अनेक बॉडींमध्ये आली. ती सोय लेन्समध्ये असू शकत नाही. मंचावरचे, सभागृहातले, बंदिस्त मैदानातले काम नियमित करणाऱ्यासाठी बॉडी बदलण्याचे हे एक रास्त कारण आहे, आणि ‘काच आधी’ म्हणणारे त्याचा उल्लेखही करत नाहीत.

ॲपर्चर मोठे करण्याची दुसरी किंमत म्हणजे खोली. एपीएस-सी बॉडीवर ५० मिलिमीटर लेन्स एफ/१.८ ला उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो घ्या. स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंटिमीटरचा असतो. वधूचा डोळा स्पष्ट, तिच्या खांद्यामागे उभी करवली पुसट. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटातली काही दृश्ये नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केली, ती नासासाठी बनवलेल्या झाइसच्या ५० मिलिमीटर एफ/०.७ लेन्सने. ही गोष्ट लेन्सचा महिमा सांगण्यासाठी नेहमी सांगितली जाते. पण तिच्या पोटातल्या दोन गोष्टी गाळल्या जातात. ती लेन्स बसावी म्हणून मिचेल कॅमेऱ्याच्या बॉडीत मोठे फेरफार करावे लागले. आणि खोली इतकी उथळ होती, की नटांना जागचे फारसे हलताच येत नव्हते. त्या दृश्यांतला संथपणा काही अंशी त्या काचेनेच लादलेला आहे. कुब्रिक यांना तो संथपणा हवाच होता. सप्तपदी चालणाऱ्या जोडप्याला ‘हलू नका’ असे कोण सांगणार?

तेव्हा लेन्स आणि बॉडी यांच्या वादात तिसरा पक्ष येतो आणि माझ्या मते पुष्कळदा खटला तोच जिंकतो. तो म्हणजे उजेड. १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी बनारसच्या घराचे अंगण पावसाच्या धास्तीने कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले गेले. आकाशाकडून उतरणारा तो सावली नसलेला मंद प्रकाश स्टुडिओत आणायचा कसा, हा छायालेखक सुब्रत मित्र यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी सेटच्या माथ्यावर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्याच्यावर मारले. परत येणारा उजेड दिवसासारखा पसरला. नवा कॅमेरा नाही, नवी लेन्स नाही, एक कापड. आज लग्नाची कामे करणाऱ्या किती जणांकडे फुल फ्रेम बॉडी असते, आणि फ्लॅशचे तोंड मात्र थेट नवरीच्या कपाळावर रोखलेले असते! मान वळणारा एक फ्लॅश, तो बॉडीपासून वेगळा करून पेटवणारा ट्रिगर, एक पांढरी छत्री आणि एक स्टँड, एवढ्याची किंमत चांगल्या लेन्सच्या काही अंशाइतकीच असते, आणि गर्दीच्या कार्यालयात एफ/५.६ वर सगळ्या करवल्या स्पष्ट ठेवण्याचा दुसरा स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

काच की बॉडी, हा वाद छायाचित्रणाच्या जन्माइतका जुना आहे, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. १८३९ मध्ये दागेर यांची चांदीच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याची पद्धत जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यातली शेव्हालिए यांची लेन्स साधारण एफ/१५ ची होती. माणसाचा चेहरा घ्यायचा तर त्याला कित्येक मिनिटे निश्चल बसवावे लागे. व्हिएन्नात जोसेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने १८४० मध्ये एफ/३.६ ची लेन्स कागदावर गणिताने आखली. आकडेमोडीसाठी त्याला तोफखान्यातले हिशोब येणारे सैनिक दिले गेले होते. फोइक्टलेंडर यांनी ती घडवली आणि प्रकाश एकदम पंधरापटीहून अधिक वाढला. चेहऱ्याचे छायाचित्रण या लेन्सने शक्य केले, असे इतिहास सांगतो. ते खरे आहे, पण पुरे नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन गोडार्ड यांनी चांदीच्या पत्र्याला आयोडीनबरोबर ब्रोमीनचीही वाफ दिली आणि पत्रा कितीतरी पटींनी संवेदनशील झाला. काच आणि पत्रा, म्हणजे आजच्या भाषेत लेन्स आणि सेन्सर, दोन्ही बाजूंनी मिळून काही मिनिटांचे बसणे मिनिटाच्या आत आले. एकट्या पेट्झव्हालला श्रेय देणारे आणि आजचे ‘काच आधी’वाले एकाच सोप्या गोष्टीला भुलतात.

बॉडीची बाजू आज सर्वांत भक्कम कुठे असेल, तर ती हलणाऱ्या विषयावर. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला होडीतून सुरय टिपणाऱ्याचा विचार करा. पक्षी पाण्यावर तिरका झेपावतो, क्षणात दिशा बदलतो. कॅनन १५००डीमध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत, निकॉन डी३५०० मध्ये अकरा, आणि ते चौकटीच्या मध्यभागी एकवटलेले. पक्षी बिंदूवरून सरकला की फोकस मागच्या पाणगवतावर जातो. इथे महागडी लेन्स लावलीत तरी ती आज्ञाधारकपणे पाणगवतच धारदार करील. २०२० मध्ये कॅननच्या आर५ आणि आर६ मध्ये पक्ष्याचे डोके-डोळे ओळखून त्याच्यामागे फोकस नेणारी यंत्रणा आली आणि पुढच्या दोन-चार वर्षांत ती आर१०, निकॉन झेड५० मार्क २ यांसारख्या तुलनेने स्वस्त बॉडींतही उतरली. सेन्सरने पंधरा वर्षांपूर्वी जी झेप घेतली होती, तशीच ही फोकसची झेप आहे आणि ती पूर्णपणे बॉडीत घडली आहे. उडत्या पक्ष्यांचे, कबड्डीचे, पळत्या लेकरांचे फोटो ज्याला घ्यायचे आहेत आणि ज्याच्याकडे जुना डीएसएलआर आहे, त्याला आज मी बेधडक बॉडी घ्यायला सांगेन.

मात्र पक्षी टिपणाऱ्यांत फुल फ्रेमचे जे आकर्षण आहे, ते मला पटत नाही. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी बॉडीवरून ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर गेलेल्याला वाटते, आपले बिंदू दुपटीच्या जवळ गेले. दूरच्या पक्ष्यासाठी तो चौकटीचा मधला भागच कापून वापरणार. एपीएस-सीएवढा तुकडा कापला, तर निकॉन डी८५० च्या ४५.७ मेगापिक्सेलमधून १९ च्या आसपास उरतात, म्हणजे जुन्या बॉडीपेक्षा कमी! लाखाच्या वर खर्चून पक्षी आणखी लांब गेला. त्याच पैशात ३०० वरून ५०० किंवा ६०० मिलिमीटरवर जाता आले असते. इथे काचच खरी, कारण लांबी ही फक्त काचेतून येते. पहाटे होडीत वेळेवर बसून पक्ष्याच्या जवळ जाता येते, तो भाग वेगळा. त्याला पैसे लागत नाहीत आणि म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

आता ‘लेन्स ही गुंतवणूक’ या समजुतीबद्दल. लेन्स जिथे बसते त्या माउंटचेही आयुष्य असते. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणले तेव्हा त्याआधीच्या एफडी लेन्सा नव्या बॉडींवर चालेनाशा झाल्या. वर्षानुवर्षे जमवलेला संच घेऊन लोक मागे राहिले. २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ माउंट आणले, आणि त्यानंतर दोघांचेही नवे डीएसएलआर जवळजवळ थांबले. जुन्या माउंटच्या लेन्सांचे वापरलेल्या बाजारातले भाव तेव्हापासून घसरत गेले आहेत. निकॉनच्या लेन्सांमधला फरक तर नवख्याला हमखास फसवतो. ५० मिलिमीटर एफ/१.८ डी ही लेन्स फार स्वस्त मिळते म्हणून तो घेतो, पण तिला फोकसची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर चालते, आणि २००६ च्या डी४० पासून निकॉनने स्वस्त बॉडींमधून ती मोटर काढून टाकली. लेन्स बसते, फोटो निघतो, फोकस मात्र हाताने करावा लागतो. एफटीझेड ॲडॉप्टर लावून झेड बॉडीवर नेली तरी तीच गत. पुढे ज्यांना मिररलेसवर जायचे आहे, त्यांनी स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्स घ्यावी, ती ॲडॉप्टरवर फोकस करते. कॅननच्या ईएफ लेन्सा आर मालिकेच्या बॉडींवर ॲडॉप्टरने उत्तम चालतात, इतक्या की जुन्या बॉडीपेक्षा त्यांचा फोकस तिथे अधिक भरवशाचा होतो. म्हणजे कोणती लेन्स टिकेल हे तिच्या काचेपेक्षा तिच्या मोटरवर आणि माउंटवर ठरते.

आणि आपल्याकडे टिकण्याला आणखी एक शत्रू आहे, ज्याच्याबद्दल युरोप-अमेरिकेतली पुस्तके फारसे बोलत नाहीत. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. कातडी पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलेली लेन्स गणपतीच्या आधी बाहेर काढावी, तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. वेळीच साफ केली तर ठीक, नाहीतर ती काचेवरचा लेप खाते आणि तो परत येत नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारे विजेवरचे ड्राय कॅबिनेट, किंवा ते परवडत नसेल तर हवाबंद डबा आणि वरचेवर तापवून कोरडी केलेली सिलिका जेल, हा लेन्सच्या किमतीचाच भाग धरायला हवा. रोज बाहेर निघणारी, ऊन-वारा खाणारी लेन्स बुरशीला सहसा बळी पडत नाही. ‘गुंतवणूक’ म्हणून जपलेली पडते.

मग ठरवायचे कसे? माझा भर फसलेल्या फोटोंवर आहे. लोक चांगले फोटो जपतात आणि बिघडलेले पुसून टाकतात. कर्ज काढून वस्तू घेण्याआधी निदान एक हंगाम बिघडलेले जपावेत. त्यात सगळी चौकट एकाच दिशेला ओघळलेली दिसली तर हात हलला आहे. स्थिरीकरण असलेली लेन्स किंवा बॉडी, किंवा साधी तिपाई कामाची. मागची भिंत स्पष्ट आणि माणूस मात्र ओघळलेला असेल तर माणूस हलला; इथे स्थिरीकरणाचा उपयोग शून्य, कारण ते तुमचा हात सावरते, नवरदेवाची मान नाही. इथे हवा अधिक प्रकाश, म्हणजे मोठे ॲपर्चर किंवा फ्लॅश. माणूस पुसट पण त्याच्या पुढचे-मागचे काही कडक स्पष्ट असेल तर फोकस चुकला, आणि हे वारंवार होत असेल तर बोट बॉडीकडे वळते. फोटोच्या माहितीत नोंदलेली मिलिमीटर लांबी पाहावी. बहुतेक फोटो ५५ ला टेकलेले असतील तर लांब लेन्स हवी, १८ ला टेकलेले असतील तर रुंद. आणि सगळे काही स्पष्ट, नीट उजळलेले, तरी फोटो पाहवत नसेल, तर दुकानात जाऊ नये.

हे निदान झाल्यावरही विकत घेण्याआधी वस्तू भाड्याने आणावी. पुण्या-मुंबईत आणि आता जिल्ह्याच्या पुष्कळ शहरांतही लेन्सा दिवसाच्या भाड्याने मिळतात. जत्रेच्या एका रात्रीसाठी एफ/१.८ ची लेन्स आणली, तर उथळ खोलीत काम करणे आपल्याला जमते का, हे कळते. भिगवणच्या एका सहलीसाठी नवी बॉडी आणली, तर आपली लेन्स तिच्यावर किती वेगाने वळते, हे दिसते. दुकानातल्या ओट्यावर पंख्याकडे रोखून घेतलेल्या चार फोटोंतून यातले काहीच कळत नाही.

शेवटी लग्नाची कामे पैसे घेऊन करणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यांना ‘काच आधी’ सांगणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. १५००डी, डी३५०० यांसारख्या सुरुवातीच्या बॉडींत कार्डाला एकच खाच असते. कार्ड बिघडले की हळद, मुहूर्त, पाठवणी सगळे गेले, आणि ते पुन्हा घडणार नाही. दोन खाचांच्या बॉडीत प्रत्येक फोटो दोन कार्डांवर एकाच वेळी उतरतो. शिवाय शटर ऐन अंतरपाट धरलेला असताना बंद पडू शकते. त्या क्षणी गळ्यात दुसरी बॉडी नसेल तर जगातली सर्वोत्तम काच काय कामाची? आपल्याकडच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे साठवलेले पैसे त्या दोन दिवसांवर लावलेले असतात आणि त्यातला एक भाग विश्वासाने छायाचित्रकाराच्या हातात दिलेला असतो. नवीन असो वा वापरलेली, दोन खाचांची बॉडी त्याने आधी घ्यावी, जुनी विकू नये, ती दुसऱ्या खांद्याला राहू द्यावी. एफ/१.८ ची लेन्स पुढच्या हंगामात घ्यावी.